गाण्याच्या जमान्यातला गद्य नट : केशवराव दाते

केशव त्र्यंबक दाते यांचा जन्म २८ सप्टेंबर १८८९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आडिवरे या गावी झाला. गाव राजापूर तालुक्यातले, महाकालीच्या देवस्थानामुळे सगळ्या कोकणाला माहीत असलेले. आज मुंबई-गोवा महामार्गावरून येताना हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीकडे वळायचे आणि भाट्ये, पावस, पूर्णगड करत खाडी ओलांडायची. गावखडी आणि कशेळी मागे पडली की आडिवरे येते. दात्यांच्या लहानपणी हा प्रवास इतका सोपा नव्हता. मुंबईला जायचे म्हणजे बंदर गाठायचे आणि आगबोटीची वाट पाहायची. तरीही त्या काळातली कोकणातली असंख्य मुले याच वाटेने घराबाहेर पडली. कुणी गिरणीत शिरले, कुणी पेढीवर, कुणी कचेरीत. दाते नाटक कंपनीत शिरले.

त्या काळी नाटक कंपनीत जाणे ही घरच्यांनी अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती. कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच. गावोगाव मुक्काम, एकत्र पंगत, दुपारी तालीम आणि रात्री उजाडेपर्यंत चालणारा प्रयोग. मालक खूश असेल तोवर पगार वेळेवर, पावसाळ्यात धंदा बसला की उधारी. शिक्षण अर्धवट सुटलेली, आवाज किंवा रूप बरे असलेली मुले कंपन्या हेरून ठेवत, कारण बायकांची कामे पुरुषच करत असल्यामुळे मिसरूड न फुटलेल्या पोरांची गरज कायमच असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतले बहुतेक मोठे मराठी नट याच दारातून आत आले.

दाते गेले ते महाराष्ट्र नाटक मंडळीत, आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचा अर्थ या निवडीत आहे. मराठी रंगभूमीचे तेव्हा सरळसरळ दोन प्रवाह होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणल्यापासून संगीत नाटकाची चलती होती. किर्लोस्कर मंडळी, पुढे ललितकलादर्श, गंधर्व, बलवंत या कंपन्यांच्या नाटकांना लोक गाणी ऐकायला जात आणि एकेका पदाला किती 'वन्स मोअर' पडले याची चर्चा दुसऱ्या दिवशी चालायची. दुसरा प्रवाह गद्य नाटकाचा. गणपतराव जोशी आणि शाहूनगरवासी मंडळी यांनी शेक्सपिअरची रूपांतरे करून त्याचा दबदबा निर्माण केला होता. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून केलेल्या 'विकारविलसित'मधली गणपतरावांची भूमिका तर दंतकथाच झाली होती. गद्य कंपन्यांना मान होता, पैसा बेताचा होता. त्यांची सगळी भिस्त भाषणावर. नटाची जीभ अडखळली किंवा आवाज पिटातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, तर सावरून घ्यायला पेटीवाला आणि तबलजी नव्हते.

महाराष्ट्र नाटक मंडळी ही गद्य प्रवाहातली नव्या दमाची कंपनी. त्र्यंबक सीताराम कारखानीस हे तिच्या सूत्रधारांपैकी एक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' तिने १९०७ मध्ये रंगभूमीवर आणले आणि एका पौराणिक कथेने सरकारची झोप उडवली. मदांध कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना होणारी द्रौपदी म्हणजे देश, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातल्या असंतोषावरच्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली, आणि १९१० मध्ये सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' (१९०९) आणि राम गणेश गडकऱ्यांचे पहिले नाटक 'प्रेमसंन्यास' (१९१२) हीसुद्धा याच कंपनीच्या रंगमंचावर उभी राहिली. नाटककार जिवंत आहे, तालमीला बसतो आहे, वाक्य कसे टाकायचे यावर वाद घालतो आहे, अशा वातावरणात या कंपनीतल्या नटांची घडण झाली. तरुण नटाला याहून चांगली शाळा त्या काळी मिळणे कठीण होते.

दात्यांची सुरुवात स्त्रीभूमिकांनी झाली. आज स्त्रीपार्ट म्हटले की बालगंधर्वच डोळ्यांसमोर येतात आणि त्यांच्यामागे शालू, दागिने, अत्तर, गाणे असे सगळे वैभव येते. गद्य नाटकातला स्त्रीपार्ट वेगळा आणि एका अर्थाने अधिक अवघड. नऊवारी नेसणे, खोपा घालणे, पदर सावरणे, चालीत डौल आणणे एवढी बाहेरची तयारी दोन्हीकडे सारखीच. पण संगीत नाटकात नायिका गाऊ लागली की प्रेक्षक तिचे स्त्री असणे-नसणे विसरून सुरात बुडून जाई. गद्य नाटकात रात्रभर फक्त बोलायचे. पुरुषाच्या गळ्यातून बाईचे रागावणे, लाजणे, टोमणा मारणे, आवंढा गिळणे हे सगळे काढायचे, तेही ध्वनिक्षेपक नसताना आणि हजारभर माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. आवाज चढवला की पुरुष उघडा पडतो, उतरवला की मागची रांग ओरडते. या दोन्ही बाजू सांभाळत बोलायचे, तर शब्द स्पष्ट हवा, श्वास ताब्यात हवा आणि न बोलण्याच्या जागाही ठरलेल्या हव्यात. पुढे पडद्यावर दात्यांचे जे मितभाषी, आतल्या आत धुमसणारे काम दिसते, त्याचे मूळ या तालमीत असावे असे मानायला जागा आहे.

स्त्रीपार्टाचे आयुष्य अल्प असते. गळा बसतो, अंग भरते, आणि कालची नायिका आज काय करणार हा प्रश्न नटापुढे आणि मालकापुढे एकदमच उभा राहतो. बालगंधर्वांसारखा अपवाद वगळला तर बहुतेकांची कारकीर्द इथे संपली. कुणी विंगेत प्रॉम्प्टिंग करत राहिला, कुणी गावी परतला. विष्णुपंत पागनीस हे स्त्रीपार्टांमधून बाहेर पडून बऱ्याच वर्षांनी 'संत तुकाराम' (१९३६) मधून अमर झाले, पण मधला काळ त्यांनी जवळजवळ अज्ञातवासात काढला होता. दात्यांनी हे वळण रंगभूमी न सोडता पार केले. स्त्रीभूमिकांतून ते पुरुषभूमिकांत आले, तालीम घेऊ लागले, नाटके बसवू लागले. 'नटवर्य' ही लोकांनी दिलेली पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली ती याच काळातल्या कामामुळे. त्या प्रयोगांचे चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे रंगभूमीवरच्या दात्यांबद्दल जे आहे ते पाहिलेल्यांच्या आठवणींतून आलेले, आणि आठवणी नटाला नेहमी थोडे उंच करतात.

१९३० च्या सुमारास मराठी रंगभूमीचे वासे फिरले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा बोलपट झळकला, पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि चार-आठ आण्यांत गाणे, संवाद, देखावे असे सगळे मिळू लागल्यावर रात्रभराच्या नाटकाला कोण जाणार? नाट्यगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली. मोठमोठ्या कंपन्या कर्जात बुडाल्या. या पडझडीत मुंबईतल्या काही शिकलेल्या तरुणांनी १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' ही संस्था काढली. श्री. वि. वर्तक, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर, केशवराव भोळे ही त्यांतली ठळक नावे. दाते या मंडळींना जाऊन मिळाले.

संस्थेचे पहिले नाटक 'आंधळ्यांची शाळा'. नॉर्वेजियन लेखक ब्यर्नसन याच्या नाटकावरून वर्तकांनी ते लिहिले होते. लग्नाआधीच्या चारित्र्याची अट फक्त मुलीलाच का, पुरुषाला का नाही, हा त्याचा विषय. मांडणीही विषयाइतकीच नवी होती. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, आणि त्यांत ज्योत्स्ना भोळे होत्या. नेपथ्य खऱ्या दिवाणखान्यासारखे, गाणी मोजकी आणि प्रसंगात मुरलेली, प्रयोग आटोपशीर. नाट्यमन्वंतर फार दिवस टिकले नाही. नाटकाच्या इतिहासात मात्र त्याचे पान पक्के आहे. या सगळ्यात दात्यांचे असणे विशेष म्हणावे लागेल. त्यांनी चाळिशी ओलांडली होती, त्यांचे सगळे आयुष्य जुन्या कंपनीच्या शिस्तीत गेले होते, आणि आजूबाजूची मंडळी इब्सेन वाचलेली, जुन्या नाटकाला नाक मुरडणारी. त्या पिढीतले कितीतरी नामवंत नट नव्या नाटकाला 'पोरखेळ' म्हणून बाजूला झाले. दात्यांना ते नाटक परके वाटले नाही, कारण गाण्यावाचून, बोलण्याच्या बळावर नाटक उभे करणे हे ते पंचवीस वर्षे करतच आले होते.

तिथून सिनेमा एका पावलावर होता. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली आणि नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणून व्ही. शांताराम यांनी 'अमृतमंथन' (१९३४) हाती घेतला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. देवीपुढे नरबळी आणि पशुबळी देणे बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, असा त्याचा संघर्ष. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. डबिंग नव्हते. एकाच सेटवर एक दृश्य आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत घ्यायचे. काही नट दोन्हीकडे तेच, काही बदललेले. हिंदीत राजगुरू झाला चंद्रमोहन हा नवा नट, आणि मराठीत दाते.

चंद्रमोहनचे घारे, भेदक डोळे हा निसर्गाने दिलेला ऐवज होता. शांतारामबापूंनी त्यातल्या एका डोळ्याचा पडदाभर क्लोज-अप घेतला आणि तो क्लोज-अप हिंदी सिनेमाच्या इतिहासात जाऊन बसला. मराठी राजगुरूला ही सोय नव्हती. त्याचे भय वाणीतून आणि देहबोलीतून यायला हवे होते. स्वतःला देवीचा सेवक समजणारा, खून करवतानाही आपण धर्मच पाळतो आहोत अशी खात्री असलेला हा माणूस. त्याला नुसता दुष्ट करून टाकणे सोपे होते आणि मराठी रंगभूमीवर खलनायक तसाच रंगवायची जुनी चाल होती. नाटकातून आलेल्या नटापुढे दुसरी अडचण मायक्रोफोनची. जो आवाज पिटाच्या टोकापर्यंत फेकायची सवय, तो आता हातभर अंतरावरच्या यंत्रासाठी आवरायचा. कितीतरी नामांकित नट पहिल्या बोलपटांत आजही ओरडत असल्यासारखे वाटतात. दाते या परीक्षेत उतरले, आणि प्रभातला एक भरवशाचा चरित्र अभिनेता मिळाला.

त्यांच्या कामाचा कळस म्हणजे 'कुंकू' (१९३७). याही वेळी कादंबरी नारायण हरी आपट्यांचीच, 'न पटणारी गोष्ट'. हिंदी आवृत्तीचे नाव 'दुनिया न माने', आणि या खेपेस नायक-नायिका दोन्ही भाषांत तेच : नीरा झालेल्या शांता आपटे आणि काकासाहेब झालेले केशवराव दाते. पोरक्या नीराला फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधले जाते. लग्न लागते, पण ती ते मानत नाही. नवऱ्याच्या घरात राहून, त्याच्या नावाचे कुंकू लावून ती त्याला नवरा म्हणून नाकारते आणि शेवटपर्यंत झुकत नाही.

जरठ-कुमारी विवाह हा मराठी प्रेक्षकाला नवा विषय नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ पासून गाजत होते आणि त्यातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ घरोघर माहीत होता. भुजंगनाथ ही हास्यास्पद व्यक्तिरेखा आहे. त्याची कवळी, त्याचा थाट, त्याची घाई यांवर प्रेक्षक हसतो आणि ऐनवेळी सगोत्र निघाल्यामुळे लग्न मोडते तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकतो. 'कुंकू'मध्ये लग्न सुरुवातीलाच लागून जाते. देवलांचे नाटक जिथे थांबते त्याच्या पुढे आपटे आणि शांताराम जातात. म्हाताऱ्याला आता बोहल्यावर मिरवायचे नाही, एका छताखाली त्या मुलीबरोबर जगायचे आहे. इथे भुजंगनाथ चालणार नव्हता, आणि काकासाहेबांना निव्वळ लंपट किंवा निव्वळ बापुडवाणा करूनही भागणार नव्हते.

तेव्हा दाते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे काकासाहेबांपेक्षा पुष्कळच तरुण. त्यांनी म्हातारपण रंगवले ते कंबरेत वाकून किंवा खोकून नव्हे. काकासाहेब ताठ चालू पाहतात आणि तो ताठपणाच त्यांचे वय सांगून जातो. मिशांना कलप लावून आरशात बघण्याचा प्रसंग घ्या. त्यात विनोद आहे, प्रेक्षक हसतोही. पण दात्यांचा चेहरा हसवायला बसलेला नाही. आरशातला माणूस आपल्याला फसवतो आहे की आपण त्याला, असा एक क्षणभराचा संशय त्या नजरेतून सरकून जातो आणि हसणाऱ्याच्या तोंडावरचे हसू तिथेच अडखळते. भिंतीवरच्या लंबकाच्या जुन्या घड्याळाचा शांतारामांनी सबंध चित्रपटभर वापर केला आहे आणि त्याची टिकटिक काकासाहेबांच्या आयुष्याला जोडून टाकली आहे. त्या घड्याळाशी दाते असे वागतात की ते घरातले आणखी एक म्हातारे माणूस वाटावे.

'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. दाराची कडी, पावलांचा आवाज, घड्याळ, रस्त्यावरचा गलका असे प्रसंगातले खरे आवाज तेवढे आहेत. गाणी आहेत तीही कथेत कुणीतरी गाते किंवा वाजवते अशीच. १९३७ साली, जेव्हा प्रत्येक भावनेमागे व्हायोलिन लावायची पद्धत रूढ होत होती, तेव्हा हे धाडसच. नटासाठी याचा अर्थ असा की दुःखाच्या प्रसंगी त्याला सांभाळायला वाद्यवृंद येणार नाही, दोन वाक्यांमधली शांतता त्यालाच भरायची आहे. गद्य नाटकात वाढलेल्या नटाला याहून अनुकूल चित्रपट मिळाला नसता. बंद दाराबाहेर उभे राहिलेले काकासाहेब, आधी हक्काने हाक मारणारे, मग चिडलेले, मग नुसतेच उभे, या अवस्था दात्यांनी आवाजाच्या अगदी लहान फरकांतून दाखवल्या आहेत.

घरात काकासाहेबांचा तरुण मुलगाही आहे आणि त्याची नीरावरची नजर वाईट आहे. राजा नेने यांनी हे काम केले. आणि आहे काकासाहेबांची विधवा मुलगी, समाजकार्यात रमलेली, नीराची बाजू घेणारी. शकुंतला परांजपे या भूमिकेत होत्या, ज्यांनी पुढे प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाच्या प्रचारासाठी टीका सोसत काम केले. आपल्या मुलीच्या तोंडून आपल्या वागण्याची चिकित्सा ऐकताना वकिलाचा युक्तिवाद कसा गळून पडत जातो, हे चित्रपटाच्या उत्तरार्धात दिसते. अखेर काकासाहेबांना अपराध उमगतो. ते नीराला मोकळे करतात, तिने पुन्हा लग्न करावे असे पत्र लिहून ठेवतात आणि आपले जीवन संपवतात. हा शेवट पटवून देणे अवघड आहे. आजच्या प्रेक्षकाला त्यात सोय दिसण्याचीही शक्यता आहे, कारण म्हातारा मेल्यामुळे समाजाला उत्तर द्यावे लागत नाही. तरी तो उपरा वाटत नाही, कारण काकासाहेबांमधला सुसंस्कृत माणूस दात्यांनी पहिल्यापासून जिवंत ठेवलेला असतो. नीराचे बंड हा चित्रपटाचा प्राण, हे खरेच. पण ज्याच्याविरुद्ध बंड आहे तो माणूस इतका खरा नसता, तर 'कुंकू' प्रचारपट होऊन गेला असता.

यानंतर दात्यांना मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीनेही बोलावले. रणजित मूव्हीटोनच्या 'अधुरी कहानी' (१९३९) मध्ये ते दुर्गा खोटे आणि पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर होते. पण पुढचे मोठे काम पुन्हा प्रभातचेच, 'शेजारी' (१९४१). कथा-संवाद विश्राम बेडेकरांचे. एका खेड्यातले दोन शेजारी, जिवबा आणि मिर्झा, एक हिंदू, एक मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा. गावात धरण बांधायला आलेला धनिक आपल्या सोयीसाठी त्या दोघांत तेढ पाडतो. मराठीत जिवबा दात्यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. हिंदी 'पडोसी'मध्ये मिर्झा जागीरदारच राहिले आणि हिंदू शेजाऱ्याचे काम मजहर खान या मुसलमान नटाकडे गेले. देशात फाळणीची भाषा सुरू झाली होती. नट निवडतानाच शांतारामांनी आपले म्हणणे सांगून टाकले.

काकासाहेब शहरी, शिकलेले, शब्दांवर पकड असलेले. जिवबा शेतकरी, पंचांचा मान राखणारा, मनातले बोलून न दाखवणारा. एकाच नटाने चार वर्षांच्या आत ही दोन माणसे उभी केली आहेत हे सांगितल्याशिवाय लक्षात येऊ नये इतके ती वेगळी आहेत. न्यायनिवाड्याला बसलेल्या मिर्झाला आपल्या मित्राच्या घराविरुद्ध निर्णय द्यावा लागतो आणि जिवबाच्या मनात अढी बसते. मग अबोला. दोन घरे तीच, मधले अंगण तेच, पण येणे-जाणे बंद. या भागात दाते आणि जागीरदार एकमेकांकडे न बघता जे बोलतात, ते मराठी चित्रपटातल्या जुगलबंदीचे एक उत्तम उदाहरण आहे. शेवटी फुटत्या धरणावर दोघे पुन्हा एकमेकांचे होतात आणि एकत्रच मरतात. प्रभातसाठी शांतारामांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट.

शांतारामांनी प्रभात सोडून १९४२ मध्ये परळला राजकमल कलामंदिर उभे केले आणि दातेही त्यांच्याबरोबर गेले. राजकमलमध्ये त्यांचे काम कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यापुरते नव्हते. संत सावता माळी यांच्या जीवनावरचा 'भक्तीचा मळा' (१९४४, हिंदीत 'माली') त्यांनी दिग्दर्शित केला. सावतोबांची भूमिका मास्टर कृष्णरावांकडे होती. नटांकडून संवाद घोटून घेणे ही जुन्या नाटक कंपनीतली तालीम-मास्तरांची विद्या. ती अंगी असलेला माणूस हाताशी असणे कुठल्याही स्टुडिओच्या पथ्यावर पडावे.

पुढच्या चित्रपटांत दात्यांच्या वाट्याला बहुधा बापाची, गुरूची, घरातल्या वडीलधाऱ्याची कामे आली. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये ते चीनला निघालेल्या डॉक्टरच्या वडिलांच्या भूमिकेत आहेत. भूमिका लहानच, पण सोलापूरच्या त्या घराची ओढ तिच्यामुळे प्रेक्षकाच्या मनात राहते. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मधले मंगल महाराज हे कथ्थकचे कठोर गुरू ही त्यांची हिंदी प्रेक्षकांना सर्वांत परिचित भूमिका. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्ये, टेक्निकलरचा झगमगाट आणि वसंत देसाईंचे संगीत यांच्या मधोमध साठी उलटलेला हा नट ठाम बसून आहे. मुलगा आपल्या साधनेपासून ढळतो आहे हे कळल्यावर मंगल महाराजांचा जो संताप होतो तो जुन्या नाटकाच्या वळणाचा आहे, हे कबूल करायला हवे. त्या चित्रपटाचा एकूण सूरच भडक आहे आणि दातेही त्यात मिसळून गेले. 'कुंकू' पाहिलेल्याला ते खटकते. 'नवरंग' (१९५९) मध्येही ते आहेत, तोवर सत्तरीला आलेले.

संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. १३ सप्टेंबर १९७१ रोजी ब्याऐंशीव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले.

मराठी नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळातले नट आजही ध्वनिमुद्रिकांतून ऐकू येतात. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, केशवराव भोसले यांची पदे रेडिओवर लागतात आणि नव्या गायकांच्या मैफलींत म्हटली जातात. गद्य नटाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे बोललेले शब्द नाटककाराच्या नावे पुस्तकात राहतात आणि ते कसे बोलले गेले हे कुणालाच सांगता येत नाही. दात्यांच्या पिढीतल्या बहुतेक गद्य नटांची आज फक्त नावे उरली आहेत. दात्यांना योग्य वयात चांगला बोलपट भेटला, म्हणून एवढे तरी हाती आहे. त्यांच्या आधीच्या, स्त्रीपार्टांच्या आणि महाराष्ट्र नाटक मंडळीच्या दिवसांचा अंदाज घ्यायचा असेल तर 'कुंकू' आणि 'शेजारी' हे दोन चित्रपट कान देऊन ऐकावेत. दोन्हींमध्ये दाते एकही गाणे म्हणत नाहीत.